बेंगळुरूच्या मातीतला अनंत

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षानिमित्त बेंगळुरू येथे झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



माझ्या आधीच्या वक्त्यांनी उद्योग, संगणक आणि शिक्षण या विषयांवर मौलिक विचार मांडले. त्यांच्या मानाने माझा विषय अगदीच लहान, म्हणजे कमरेएवढ्या उंचीचा आहे. अनंत या झुडपाविषयी मी बोलणार आहे. शहाजीराजांना १६३८ मध्ये बेंगळुरूची जहागीर मिळाली, ही आठवण काढल्यावाचून या शहरातील मराठी भाषण पुरे होत नाही. ती काढून मी मोकळी होते आणि विषयाकडे वळते.

हा विषय निवडण्यास एक कारण घडले. मेळाव्याच्या तयारीसाठी जमलो असता मुलांकडे राहावयास आलेल्या पालकांपैकी तीन-चार जणांनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला. गावाकडे विहिरीच्या कडेला अनंत कोणी न पाहता वाढत होता, वर्षानुवर्षे फुलत होता. इथे मात्र उत्तम कुंडी, विकतची माती, रोजचे पाणी, सारे काही देऊनही पाने पिवळी पडतात, कळ्या धरतात आणि उमलण्याआधीच गळतात. असे का व्हावे? बेंगळुरूची हवा तर साऱ्या देशात फुलझाडांसाठी नावाजलेली. या प्रश्नाचे उत्तर देता येण्यासारखे आहे, आणि ते या शहराच्या पाण्याशी येऊन ठेपते. म्हणून हा प्रपंच.

प्रथम हे झाड लावण्याची गरज का पडते ते सांगते. कृष्णराजेंद्र मार्केटात पहाटे गेलात तर मोगरा, कनकांबर, शेवंती, झेंडू यांच्या राशी दिसतील. अनंत मात्र शोधूनही सापडणे कठीण. त्याच्या पाकळीला नुसते बोट लागले तरी ती तपकिरी पडते. ते किलोने तोलता येत नाही, टोपलीत दाबून भरता येत नाही, सुईने ओवता येत नाही. देठासकट अलगद खुडावे, पसरट भांड्यात पाण्यावर तरंगत ठेवावे किंवा अंबाड्यात एकच खोवावे, एवढाच त्याचा उपयोग. विकता येत नाही अशा वस्तूला बाजारात जागा नसते. त्यामुळे ज्याला अनंताचा वास हवा, त्याला तो दाराशी लावण्यावाचून गत्यंतर नाही.

वनस्पतिशास्त्रात अनंताला गार्डेनिया जस्मिनॉइड्स म्हणतात. उत्तरपद ‘मोगऱ्याजाईसारखा’ एवढेच सांगते. पूर्वपदाचा उद्यान या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी काही संबंध नाही. अठराव्या शतकात अमेरिकेतील चार्ल्सटन येथे अलेक्झांडर गार्डन नावाचे एक वैद्य होते. १७६० च्या सुमारास जॉन एलिस या त्यांच्या इंग्रज स्नेह्याने लिनीअसच्या मागे लागून या झाडाला त्यांचे नाव मिळवून दिले. आफ्रिकेच्या टोकाशी, केपमध्ये, हे झाड मूळचे असावे अशा समजुतीने त्याला ‘केप जॅस्मिन’ असेही म्हणू लागले. तीही चूकच. अनंत मूळचा चीन, जपान, व्हिएतनाम या पट्ट्यातला. आपल्याकडे तो आला आणि गंधराज, अनंत अशी आपलीच नावे घेऊन राहिला. एकेरी जातीला केशरी फळ धरते, त्यातून पिवळा रंग निघतो आणि जपानी लोक तो खाद्यपदार्थांना देतात. केशराला रंग देणारे क्रोसिन हे द्रव्यच त्या फळात असते. आपण लावतो तो दुहेरी पाकळ्यांचा अनंत बहुधा फळत नाही, त्यामुळे ही गोष्ट आपल्या पाहण्यात येत नाही.

त्याचे कूळ मात्र ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण त्याच्या आवडीनिवडी त्यातून कळतात. अनंत कॉफीच्या कुळातला. कदंब, मंजिष्ठ आणि इथल्या प्रत्येक इमारतीच्या कुंपणाला लावलेली एक्झोरा ही सारी त्याच कुळातली. आपल्या घराघरांत दात येणाऱ्या बाळासाठी जी डिकेमाली आणून ठेवीत, तीही दख्खनच्या कोरड्या रानांतील गार्डेनियाचाच डिंक होय. तेव्हा अनंत परदेशी असला तरी त्याची चुलत भावंडे आपल्या डोंगरांत पूर्वीपासून आहेत. कॉफीला काय आवडते हे कर्नाटकात कोणालाही विचारावे. पानगळीची भुसभुशीत आम्ल माती, झिरपती सावली, पायाशी पाणी न साचणे आणि मार्च-एप्रिलात वळवाच्या चार सरी. अनंताची यादी याहून वेगळी नाही.

रोप विकत घेताना एक सावधगिरी बाळगावी. दुहेरी तगर अनंताच्या नावाखाली गळ्यात पडण्याचा संभव असतो. इथे तगरीला ‘नंदिबट्टलु’ म्हणतात आणि ती अंगणाअंगणात आहे. लांबून फुले व पाने सारखीच वाटतात. परीक्षा सोपी आहे. एक पान तोडावे. पांढरा चीक आला तर तगर. अनंताला चीक नसतो. त्याची पाने गडद, तकतकीत, ठसठशीत शिरांची असतात आणि पुष्कळदा एका पेरावर तीन-तीन येतात. लालबागेत किंवा शहराबाहेरील कोणत्याही रोपवाटिकेत ‘गार्डेनिया’ या नावाने मागितल्यास घोटाळा कमी होतो.

आता मूळ प्रश्नाकडे येते. आपली शाळा जांभ्याच्या प्रदेशातली. जांभ्याची माती आम्ल असते, कारण शेकडो वर्षांच्या धो-धो पावसाने तिच्यातील चुना धुऊन नेलेला असतो. अनंताला पाहिजे ते लोह तिथे त्याला न मागता मिळते. घरच्यांनी काही केले नाही असे आपण म्हणतो, पण त्यांच्या वतीने माती आणि पाऊस करीत होते.

बेंगळुरूची मूळ मातीही वाईट नाही. लालबागेतील तो उघडा खडक आपण सर्वांनी पाहिला आहे. सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीचा तो दगड झिजून इथली तांबडी माती झाली. ती किंचित आम्ल ते उदासीन असते आणि तिच्यात पाण्याचा निचरा होतो. जुन्या बसवनगुडीत, मल्लेश्वरमात अंगणात सरळ जमिनीत लावलेला अनंत पुष्कळदा सुखाने वाढतो. अडचण नव्या वसाहतींत आहे. इमारत उभी राहताना सिमेंट, चुना, विटांचा चुरा जमिनीत मिसळतो आणि त्यावर वीतभर माती पसरून हिरवळ लावली जाते. वरून छान दिसते, पण मुळे खाली गेली की त्यांना चुनखडीचेच जेवण.

परंतु मातीपेक्षाही मोठा प्रश्न पाण्याचा आहे. या शहरात कूपनलिका खोल, आणखी खोल जात राहिल्या. त्यांतून येणारे पाणी बहुतेक ठिकाणी जड, क्षारयुक्त असते. स्टीलच्या भांड्यांवरचे आणि नळाच्या तोंडावरचे पांढरे थर गृहिणींना परिचित आहेत. तोच थर रोज थोडा थोडा कुंडीत बसतो. काही महिन्यांत कुंडीच्या कडेला पांढरी खार दिसू लागते, माती आम्लाची अल्कधर्मी होते आणि तिच्यातले लोह असूनही मुळांना घेता येत नाही. मग नवी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. हे लक्षण नेमके ओळखावे. खालचे एखादे जुने पान पिवळे होऊन गळाले तर तो निसर्गक्रम आहे. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, तर पाणी वाईट समजावे. खत कमी पडले असे समजून शेणखताचे ढीग घातल्याने काहीही साधत नाही.

यावर उपाय म्हणून अनेक संकुलांत पाणी मृदू करण्याचे यंत्र बसविलेले असते. ते पाणी साबणाला चांगले, अनंताला अधिकच वाईट. त्या यंत्रात मीठ घालतात, चुन्याच्या जागी सोडियम येते आणि मुळे जळतात. पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीयंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी तर क्षारांचा अर्कच. फरशी पुसण्यास ते ठीक, कुंडीत ओतू नये. सांडपाणी शुद्ध करून बागेसाठी जे पाणी सोडतात ते हिरवळीला, मोठ्या वृक्षांना अवश्य द्यावे. कुंडीतल्या अनंताला ते एकट्याने पुरविले तर क्षार साचत जातात.

मग उरते कावेरीचे पाणी. ते गोडे आहे, अनंताला मानवतेही. इथे मला थोडे परखड बोलावयाचे आहे. हेसरघट्टा १८९६ मध्ये आणि तिप्पगोंडनहळ्ळी १९३३ मध्ये आली. त्यानंतर १९७४ पासून हे शहर कावेरी पिते. सुमारे १०० किलोमीटरवरून, हजार फुटांहून अधिक उंची चढवून, ते पाणी आपल्या नळापर्यंत आणले जाते. २०२३ चा पाऊस फसला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात काय झाले ते आपण अनुभवले आहे. शहरातील सुमारे १३,९०० सरकारी कूपनलिकांपैकी ६,९०० कोरड्या पडल्याचे राज्य सरकारनेच सांगितले. मार्चमध्ये पाणीपुरवठा मंडळाने बागकाम, गाड्या धुणे आणि बांधकाम यांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई केली व ५,००० रुपये दंड ठेवला. त्या दिवसांत आमच्या परिचयातील एका बाईंनी आपली सारी झाडे वाटून टाकली. दुसऱ्या एका गृहस्थांनी रात्री दिवे मालवून नळाने पाणी घातले. मला विचाराल तर मनाई योग्य होती. जिथे शेजारच्या वस्तीतील माणसे घागर घेऊन टँकरची वाट पाहत उभी आहेत, तिथे सुगंधासाठी कावेरी ओतण्याचा हक्क आपल्याला नाही. पुढे ऑक्टोबरमध्ये कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला, पाणी वाढले, तरी माझे मत बदललेले नाही.

तर मग अनंत लावूच नये काय? लावावा. त्याला जे पाणी सर्वांत मानवते ते कोणाच्याही घागरीतले नसते. ते पावसाचे असते. थोडा हिशेब सांगते. चौदा इंची कुंडीतल्या झाडाला कडक उन्हाळ्यात दिवसाला साधारण दोन लिटर पाणी पुरते, थंडीत त्याच्या निम्मे. २०० लिटरचे एक पिंप त्या एका झाडाला उन्हाळ्यातही १०० दिवस चालेल. आणि पिंप भरावयास किती पाऊस हवा? दहा चौरस मीटर छपरावर एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटर पाऊस पडला की २५० लिटर पाणी होते. एवढी एक सर पुरे. बेंगळुरूत वर्षाला सुमारे ९७० मिलिमीटर पाऊस पडतो. त्याचा जोर सप्टेंबर-ऑक्टोबरात असतो, म्हणजे कोरडे महिने सुरू होण्याच्या अगदी तोंडावर. पहिल्या सरीचे धूळमिश्रित पाणी सोडून द्यावे, नंतरचे साठवावे. पिंप गडद रंगाचे, घट्ट झाकणाचे असावे आणि तोटीच्या व हवेच्या भोकाला बारीक जाळी लावावी. नाहीतर फुलांआधी डास येतील.

ज्यांचे स्वतःचे घर आहे त्यांनी तर ही सोय आधीच केलेली असावयास हवी, कारण २४०० चौरस फूट व त्याहून मोठ्या जागेवरील जुन्या घरांना आणि १२०० चौरस फुटांपासूनच्या नव्या बांधकामांना पर्जन्यजलसंचय या शहरात कायद्याने बंधनकारक आहे. जयनगरात विश्वेश्वरय्यांच्या नावाने याच विषयाचे एक प्रदर्शनवजा उद्यान आहे. रविवारी नातवंडांना घेऊन जाण्यासारखे ठिकाण आहे ते. सदनिकेत राहणाऱ्यांना छप्पर नसते, परंतु वातानुकूलन यंत्राच्या नळीतून ठिबकणारे पाणी असते. त्यात क्षार जवळजवळ नसतात. उकाड्याच्या दिवसांत ते रोज काही लिटर सहज जमते आणि ते अनंताला निःशंक घालावे. तांदूळ धुतलेले पाणीही चालते, मात्र तांदूळ बोअरच्या पाण्यात धुतले असतील तर मुद्दा पहिल्याच ठिकाणी येतो.

पाणी सुधारेपर्यंत पिवळ्या पानांसाठी हिराकस वापरावा. लिटरभर पावसाच्या पाण्यात अर्धा चमचा, म्हणजे दोन-तीन ग्रॅम हिराकस आणि लिंबाच्या रसाचे चार थेंब घालून संध्याकाळी पानांवर फवारावे. आठवड्याच्या अंतराने दोन-तीन फवारण्या पुरेत. फरशीवर त्याचे तांबूस डाग पडतात आणि ते निघत नाहीत, म्हणून कुंडी आधी बाजूला घ्यावी. पावसाळ्यात कुंडी उघड्यावर ठेवावी, म्हणजे साचलेले क्षार आपोआप धुऊन जातात.

आपल्या दोन घरगुती सवयी या झाडाच्या मुळावर येतात. एक म्हणजे बंबातली किंवा चुलीतली राख झाडांना घालणे आणि दुसरी म्हणजे अंड्याची टरफले कुस्करून टाकणे. तुळशीला, टोमॅटोला ते चालेल. अनंताला नाही, कारण दोन्हींनी मातीतला चुना वाढतो. इथे आल्यावर आपण तिसरी सवय उचलतो, ती फिल्टर कॉफीचा चोथा कुंडीत ओतण्याची. कॉफी आम्ल म्हणून चोथाही आम्ल, असा समज आहे. वास्तविक आम्लता बहुतेक पेल्यात उतरलेली असते आणि चोथा जवळपास उदासीन राहतो. त्याचे कंपोस्ट करून घालावे, ताजा थर पसरला तर घट्ट पापुद्रा होऊन पाणी आत जात नाही. कॉफीच्या भावकीतले झाड आहे म्हणून चोथ्यावर जगेल, असे काही नाही.

लागवड जूनमध्ये करावी. कुंडीसाठी तांबडी माती, कुजलेला पालापाचोळा आणि शेणखत किंवा गांडूळखत समभाग घ्यावे, मूठभर कोकोपीट चालेल. जमिनीत लावावयाचे तर हात-हातभर लांब, रुंद, खोल खड्डा घेऊन सिमेंटचा राडारोडा निवडून काढावा. सकाळचे चार-पाच तास ऊन आणि दुपारनंतर सावली अशी पूर्वेची जागा उत्तम. आळ्यात वाळक्या पानांचे दोन-तीन इंच आच्छादन ठेवावे, त्याने पाणीही निम्मे वाचते.

कळ्यांविषयी मात्र सविस्तर सांगावे लागेल, कारण खरी निराशा तिथेच पदरी येते. अनंताला कळ्या धरावयास रात्री गार लागतात, साधारण १५ ते १८ अंशांच्या. बेंगळुरूत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री नेमक्या तशा असतात. समुद्रसपाटीपासून ९०० मीटरवरच्या या शहराची ही देणगी आहे. त्या थंडीत धरलेल्या कळ्या मार्चपासून पुढे उमलू लागतात. पण एप्रिलच्या रात्री २२ अंशांपर्यंत चढतात, आणि त्याच वेळी पाण्यात खाडा झाला की कळ्या पिवळ्या पडून गळतात. सुट्टीत चार दिवस गावी जाणे आणि परतल्यावर पश्चात्तापाने बादली ओतणे, याइतके कळ्यांना घातक दुसरे काही नाही. रोज थोडे, ठरल्या वेळी द्यावे. कळ्यांवर असताना कुंडी या खिडकीतून त्या खिडकीत हलवूही नये. छाटणी करावयाची ती बहर संपल्याबरोबर, जून-जुलैत. दिवाळीनंतर कात्री लावली की पुढच्या वर्षीची फुलेच कापली जातात. नेटके झुडूप दिसावे म्हणून संकुलाचे माळी नेमके हिवाळ्यातच सगळी कुंपणे छाटतात. त्यांना आपल्या अनंतापासून प्रेमाने दूर ठेवावे.

किडींचा फार बाऊ नको. पिठ्या ढेकूण आणि मावा येतो, त्यांच्या चिकट स्रावावर काजळी धरते. ओल्या फडक्याने पाने पुसावीत, लिटरला पाच मिलिलिटर निंबोळी तेल व थोडे साबणाचे पाणी फवारावे, पुरते.

फूल उमलते ते पांढरेशुभ्र, दोन-तीन दिवसांत लोण्याच्या रंगाचे होते आणि मग पिवळे. वास संध्याकाळी चढतो, कारण त्याची हाक रात्रीच्या पतंगांसाठी असते. कामावरून उशिरा परतणाऱ्या या शहरातील तरुण मंडळींना त्यामुळे तो घरी पोचल्यावर भेटतो. सोसायटीच्या बैठकीत पार्किंगवरून भांडणारे दोन शेजारी एकाच मजल्यावरच्या अनंताखाली थांबून बोलताना मी पाहिले आहेत. भांडण मिटले नाही, पण बोलणे झाले.

शेवटी कलमांविषयी. पावसाळ्यात अर्धवट पिकलेल्या फांदीचा चार-पाच इंचांचा शेंडा घ्यावा, खालची पाने काढावीत, ओल्या रेताड मिश्रणात खोचून वर पारदर्शक पिशवीचे झाकण द्यावे. चार ते सहा आठवड्यांत मुळे फुटतात. अशी तीसेक रोपे मी आज आणली आहेत. सभागृहाच्या दाराशी डावीकडे खोक्यांत ठेवली आहेत. ज्यांच्याकडे सकाळचे ऊन येते त्यांनी एकेक न्यावे. मुलांकडे राहावयास आलेल्या पालकांना आधी घेऊ द्यावे, कारण दुपारी घरी तेच असतात. पहिले पंधरा दिवस सावलीत ठेवा, आणि पावसाचे पाणी साठवावयाचे पिंप रोपाच्या आधी आणा.